मुदत शून्य

ऑफिस क्लाक्सविकला, जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या डोक्यावर.
खालून डांबराचा वास येतो,
वर बोटीच्या तिकिटांचं ॲप सांभाळणारे आम्ही दोघं.
दोघं म्हणजे मी आणि हीटर.
हेराल्डुर सामन माशांच्या कंपनीत गेला,
जास्त पगारावर, त्यालाही आता दोन वर्षं झाली.

लायब्ररीची चौथी आवृत्ती मेअखेर बंद.
पाचवी घ्या, म्हणतात. सोपं आहे, म्हणतात.
मी एक आकडा बदलला, एंटर दाबलं
आणि एकशे त्रेचाळीस लाल ओळी
पडद्यावरून ओघळल्या.
एक टाका निसटला म्हणून ओढावा
आणि अख्खी बाही हातात यावी, तशा.

पूर्वी विचारलं, हा कोण,
तर ती लगेच उत्तर हातावर ठेवायची.
आता वचन देते.
ते पुरं होईस्तोवर
प्रत्येक हाकेआधी 'थांब' लिहायचं.
थांब, नाव तपास.
थांब, किल्ली जुळव.
दिवसभरात सत्तर वेळा थांब लिहिलं
आणि स्वतः जेवायलासुद्धा थांबले नाही.

शनिवारी ती ओळ सापडली.
सत्राची मुदत: शून्य.
म्हणजे एकदा आत आलेला माणूस कायमचा आत.
वर हेराल्डुरची टीप:
'शून्यच ठेवा. का ते विचारू नका.'

पाचवीला शून्य चालत नाही.
तिला आकडा लागतो, केवढाही मोठा, पण आकडा.

मी विचारलंच.
फोनवर त्याच्यामागे पंप घरघरत होते.
'फुगलॉयच्या धक्क्यावर उतरलीयस कधी?
लाट धक्क्याला टेकते तेवढ्यात पाय टाकायचा असतो.
तिथं हातमोजे घातलेल्या माणसाला
तू परवलीचा शब्द विचारणार?'

मग मी साकव घातला, अकरा ओळींचा.
जुनी किल्ली घेऊन कोणी आलं
तर एकदाच आत घ्यायचं, हातावर नवी ठेवायची,
जुनी काढून घ्यायची, काही न बोलता.
चाळीस दिवस.
रविवारी रात्री पावणेतीनला चढवलं.
जूनमधली रात्र, बाहेर लख्ख उजेड,
कुणी जागं नव्हतं, कुणाला कळलं नाही.

जुन्या किल्ल्या उरल्या तीनशे अकरा.
आठवड्यानं नव्वद.
मग बारा.
मग एक.

ती एक हलेना.
एल्स्पा, फुगलॉय, दर गुरुवारी एक तिकीट,
ॲप पाच वर्षं जुनं, किल्ली बदलून घेणं
त्याला माहीतच नव्हतं.
एकोणचाळिसाव्या दिवशी मी बोटीत बसले.

दार टुम्मासनं उघडलं.
एल्स्पा गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत वारली.
त्यानं फोन टेबलावर ठेवला, उकडलेल्या बटाट्यांशेजारी,
डॉक्टरपुढे दुखरं बोट धरावं तसा.
'तिनं लावून दिलं होतं. मी नुसतं दाबतो.'

नियमानं सांगायचं, तर हा परका इसम
दुसऱ्याच्या नावावर सव्वा वर्ष ये-जा करत होता.
ते मी सांगितलं नाही.
जुनं ॲप काढलं, नवं घातलं, त्याचं नाव लिहिलं.
परवलीच्या शब्दाशी तो अडला.
'काय ठेवू?'
मला सांगू नका, म्हटलं,
आणि खिडकीकडे तोंड करून मेंढ्या मोजल्या.
चौदा. मग पुन्हा चौदा.
बोटानं एकेक अक्षर शोधत होता,
बराच लांब शब्द असावा.

परतताना तोही बोटीवर होता, गुरुवारच होता.
नवं तिकीट पुढे धरून उभा.
खलाशी हाइनीनं त्याच्याकडे पाहिलं, फोनकडे नाही,
आणि दंडाला धरून आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी साकव काढून टाकला.
अकरा ओळी पुसल्या.
हेराल्डुरची टीप तेवढी राहू दिली.
आता तिच्याखाली काहीच नाही.
'का ते विचारू नका.'